मारुतीमागचं गाडगं

"वस्ताद, खोटं बोलणाऱ्याच्या अंगात बळ राहतंय का?"

जोतिरामनं हे विचारलं तेव्हा ईश्वरा वस्ताद तालमीच्या हौद्यात उकिडवे बसून तांबड्या मातीतले खडे वेचत होते. शनिवारची दुपार. तालमीतली पोरं जेवायला घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी माळवाडीच्या जत्रेचं मैदान होतं आणि शेवटची मोठी कुस्ती जोतिरामची होती.

वस्तादांनी मान वर केली नाही.

"कोन बोललं खोटं?"

"मी."

एक खडा दाराबाहेर जाऊन पडला. मग दुसरा...

या तालमीत हरून आलेल्याला वस्ताद पाठीवर हात ठेवून जेवायला बसवत. खोटं बोललेल्याचा लंगोट मात्र दाराबाहेर जाई आणि त्याच्या मागोमाग तोही. पोपट नावाचा चांगला तयारीचा गडी एका गुटख्याच्या पुडीपायी असाच गेला. पुडीचं मी बघून घेतलं असतं, असं वस्ताद नंतर म्हणाले. 'बडीशेप हाय' म्हणाला, ते त्यांना चाललं नाही.

जोतिरामला हे सगळं पाठ होतं. म्हणून तर सहा महिने त्याची जीभ उचलली नव्हती.

"आजच का सांगतोयस?"

"उद्या मैदानात उतरायच्या आधी तुमच्या पाया पडायचंय. हे पोटात ठेवून कसा पडू?"

"मग बोल."

"मी दूध पीत न्हाई, वस्ताद."

...

"कवापास्नं?"

"दिवाळीपास्नं. दूध न्हाई, तूप न्हाई. अंडं न्हाई, मटण न्हाई. थंडाईला बी तोंड लावलं न्हाई."

आता वस्तादांनी वर बघितलं. सत्तरी उलटलेला माणूस. दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले. त्या कानांनी आपण नक्की काय ऐकलं, याचा ते विचार करत असावेत.

"रोज संध्याकाळी मी तुला लोटा भरून देतो. त्यो कुठं जातो?"

ही गोष्ट सांगायला हवी. तालमीची स्वतःची म्हैस होती, चांदी. काळ्याभोर म्हशीचं नाव चांदी कोणी ठेवलं ते विचारायचं नाही. संध्याकाळी कसरत झाली की वस्ताद स्वतः अंगणात तिची धार काढत. पहिला लोटा जोतिरामचा, कारण तालमीतला सगळ्यात तयार पठ्ठा तोच. लोटा घेऊन तो एकटाच गोठ्याच्या मागे जाई. 'गर्दीत दूध अंगाला लागत न्हाई,' असं पोरांना सांगे. परत येई तेव्हा लोटा रिकामा आणि वरच्या ओठावर फेस.

"रेडकाला पाजतो," जोतिराम म्हणाला.

"सगळा?"

"सगळा."

"आन मिशीवरचा फेस?"

"बोटानं लावायचो."

वस्तादांच्या गलमिशा हलल्या. हसले की रागावले, समजायला मार्ग नव्हता.

"का सोडलंस?"

जोतिरामनं खाली वाकून एक खडा वेचला.

"इचारतोय मी."

"तुमाला सांगू नये असं हाय, वस्ताद."

"मग सांगच."

जोतिराम हौद्याच्या कडेवर बसला. मातीत बोटानं रेघा ओढत बोलू लागला. वस्तादांकडे त्यानं बघितलं नाही.

"गेल्या खेपेला चांदीचं रेडकू मेलं. तिनं पान्हा चोरला. थेंब सोडंना. तुमी रेडकाचं कातडं काढलं, आत भाताची पिंजर भरली, दाभणानं शिवलं. चांदीच्या म्होरं ठेवलं."

"व्हय."

"ती त्याला चाटाय लागली. चाटता चाटता पान्हा सोडला. तुमी पहिला लोटा माझ्या हातात दिला."

"आन तू प्यालास."

"प्यालो." जोतिरामचं बोट थांबलं. "गरम हुतं... ती चाटतच हुती, वस्ताद."

बाहेर चांदी रवंथ करत होती, तेवढा आवाज.

पुढे वर्षभर जोतिराम डोळे मिटून पीत राहिला. सवय होती, आणि भीतीही होती. दूध सुटलं की पैलवान संपला, हे त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. मग दिवाळीत चांदी पुन्हा व्याली. पुन्हा रेडाच झाला. त्याची काय गत होणार, हे तालमीत प्रत्येकाला माहीत होतं. त्या दिवशी जोतिरामनं मारुतीसमोर हात जोडले आणि ठरवून टाकलं.

एवढं सांगून झालं तसा त्याचा आवाज मोकळा झाला. मोकळा झाला आणि जरा चढलाही.

"आन बळ काय गेलं न्हाई, वस्ताद! परवा आपल्या शिवाला तीनदा चीत केलं."

"बघितलं मी."

"पयल्यापरास दम वाढलाय. पोट हलकं असतंय. परदेशात तर असं लई पैलवान हायेत, मोबाइलवर बघितलंय मी. व्हीगन म्हणत्यात त्येला."

"म्हणू द्यात."

"आन मुख्य म्हंजे, देवाचा कौल हाय."

"कसला कौल?"

जोतिराम उठला. तालमीच्या भिंतीत मारुतीची देवळी होती, शेंदरानं लडबडलेली. मूर्तीच्या मागे हात घालून त्यानं एक मातीचं गाडगं काढलं आणि वस्तादांसमोर धरलं. आत बोटभर पाणी उरलं होतं.

"ह्यात रोज सांजच्याला हरभरं भिजत घालतो. एक मूठ. एकच. घरात दिसलं तर आई इचारंल, म्हणून हितं. आन सकाळी बघावं तर गाडगं निम्म्याच्या वर! हरभरं वाढल्यालं. वर बदाम. पंधरा, कधी वीस. साली काढून पांढरंशुभ्र. मी टाकलेलं न्हाईत. मारुतीबिगर हे कोन करंल, सांगा?"

वस्ताद खोकले. खोकला थोडा लांबला.

"शिवा करत असंल."

"शिवा? बदाम दिसला तर त्यो गाडग्यापातुर जाईल व्हय? वाटंतच खाईल."

हे मात्र खरं होतं. जोतिराम बारावी पास आहे, हेही इथे सांगून ठेवतो. पण सहा महिने रोज सकाळी सोललेले बदाम मिळाले की शिकलेल्या माणसाचंही डोकं देवाकडे वळतं. त्यातून तो पैलवान.

"मी काय म्हणतो, वस्ताद," तो आता छाती काढून उभा होता, "देवाला ठाऊक हाय खरा पैलवान कोन ते. उद्या मैदानात भोंग्यावर सांगूनच टाका. दर खेपेसारखं चांदीच्या दुधाचं नाव घेऊ नका. सांगा, हा गडी कुना जनावराच्या वाट्याचं खात न्हाई. बाकी समदे रेडकाच्या तोंडचं काढून पिनारे..."

आणि तो थांबला.

त्या बाकी समद्यांत सगळ्यात पहिला माणूस त्याच्या पुढ्यात बसला होता.

...

"अकरा," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"अकरा शिवली मी. ह्या हातानं, चाळीस वर्सांत." त्यांनी हात पुढे करून बघितले. मातीनं तांबडे झालेले, बोटं वाकडी झालेले हात. "रेडी असली की जगवायची. रेडा असला की... त्याच्याकडं बघायचंच न्हाई. चार दिस हंबरतंय, मग हंबरत बी न्हाई. माझ्या वस्तादानं तसंच केलं, मग मी केलं. तालमीला दूध पायजे."

"वस्ताद, मला तसं म्हणायचं न्हवतं."

"तसंच म्हणायचं हुतं. आन ते खरं हाय."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"शिवताना त्यांचं डोळं मिटत न्हाईत, जोतिराम. कितीबी कर. बघत असतंय."

जोतिरामनं गाडगं छातीशी घट्ट धरलं. आता लंगोट दाराबाहेर जाणार, याची त्याला खात्री पटली. खोटं बोलला होता, आणि वर गुरूला तोंडावर पापी ठरवून बसला होता. पोपटनं तर यातलं निम्मंही केलं नव्हतं.

"चल," वस्ताद म्हणाले.

त्यांनी त्याला दाराकडे नेलं नाही. मागे, गोठ्यात नेलं.

रेडकू खुंट्याला बांधलेलं होतं. त्याला रेडकू म्हणायला आता जीभ अडखळली असती. सहा महिन्यांचं ते जनावर गुटगुटीत झालं होतं, अंगावर काळी चकाकी आली होती. वस्तादांना बघून त्यानं मुंडी खाली घेतली आणि त्यांच्या मांडीला ढुशी दिली. सत्तरीतला पैलवान दोन पावलं मागे सरला.

"हात लाव त्याला."

जोतिरामनं गाडगं भिंतीशी पालथं ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

वस्तादांनी वर आढ्याच्या वाशात बोटं खुपसली. काहीतरी ओढून काढलं आणि जोतिरामच्या दुसऱ्या हातात ठेवलं.

दाभण होतं. वीतभर लांब. टोकापासून नेढ्यापर्यंत गंजलेलं.

"दिवाळीला हाताशी काढून ठेवलं हुतं. लागंल म्हणून." वस्तादांनी रेडकाकडे बघितलं. "लागलंच न्हाई. ह्यो बारावा. ह्यो पायावर हुबा हाय."

आणि ते रडले. लपवलं नाही, तोंडही फिरवलं नाही. मातीच्या हातानं डोळे पुसले, तसे दोन्ही गाल तांबडे झाले.

"तुमाला ठाऊक हुतं?" जोतिरामनं अगदी हळू विचारलं.

"रेड्याच्या अंगावर असली चकाकी मी जल्मात बघितली न्हवती. दूध कुनाच्या अंगी लागतंय ते मला कळत न्हाई व्हय?"

"मग लोटा का भरून देत हुता?"

"त्याला भूक लागत न्हवती का?"

भर मैदानात कोणी त्याचा गुडघा टेकवला नव्हता. तो इथे, शेणामुतात, मटकन खाली बसला. सहा महिने छातीवर धरून ठेवलेला श्वास एकदाचा सुटला. हसू येत होतं आणि रडूही. रेडकानं मान लांब करून त्याचा मोडका कान चाटायला घेतला.

"मला काढत न्हाई?"

"तुला काढल्यावर उद्याची कुस्ती कोन करनार? ह्यो?"

"पन मी खोटं बोललो की. सहा महिनं."

"ह्या तालमीत तू एकटाच खोटारडा हायस व्हय?"

जोतिरामला वाटलं, शिवाबद्दल बोलताहेत. शिवाची आणखी काही भानगड असणार. तो विषय त्यानं वाढवला नाही.

"आन भोंग्यावर?"

"तुझं नाव सांगीन. फुडचं तू सांग."

"काय सांगू?"

"कुस्ती करून सांगायचं, लेका. तोंडानं सांगाय लागलास की दम जातोय."

त्यानं मान डोलावली. उठून त्यानं ते दाभण गोठ्यामागच्या उकिरड्यात खोलवर खुपसलं. मग येऊन वस्तादांच्या पायावर डोकं ठेवलं. उद्याचं नमन त्यानं आजच करून टाकलं. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप जोरात बसली आणि पाठीवर पाच बोटांची तांबडी माती उमटली.

दोघं अंगणात आले. ऊन अजून चांगलं वर होतं. चांदीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. जोतिरामला एवढं हलकं वाटत होतं की गोठ्यातून परत घेतलेलं रिकामं गाडगं तो हवेत उडवून झेलत होता.

"वस्ताद, म्हणलो न्हवतो मी? मारुती पाठीशी हाय बघा!"

उन्हामुळे वस्तादांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"आज दोन मुठी हरभरं घालतो. बघूया, उद्या सकाळी किती बदाम निघत्यात ते."

"घाल की," वस्ताद म्हणाले. तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन ते थांबले. "पन आज गाडगं जरा उजेड असताना ठेव. अंधारात बदाम सोलाय मला आता दिसंना झालंय."