राजांच्या जोगं काम

विसाजीपंत कारभारी माणसाचा स्वभाव पारखून त्याला काम नेमत. सावध झोपेच्या भिवजीला त्यांनी पहाऱ्यावर ठेवलं होतं, मायाळू सखूला गोठ्यावर. राजेसाहेब मात्र लहर आली की सगळी उलटापालट करत. पुन्हा पुन्हा घडी बसवून पंत थकून गेले होते.

एकदा भर दरबारात राजांनी डिवचलं, "पंत, आमचे गुण पारखून आम्हांला कोणतं काम दिलं असतंत? उत्तर चुकलं तर कारभार सोडा!"

पंत थकल्या आवाजात म्हणाले, "महाराज उशिरा उठतात, कुणाचं ऐकत नाहीत, सकाळचा हुकूम दुपारी फिरवतात. असा माणूस दुसऱ्या कुठल्याच कामावर टिकत नाही. त्याला राजाच करावं लागतं."

राजे आधी हसले, मग ओशाळले. "आजपासून नेमणुका फक्त तुमच्या हाती!"

पंतांनी सुस्कारा सोडला. "हा हुकूम तेवढा दुपारनंतरही टिकू द्या, महाराज."