ओळखीची रेघ

एका गावात एक भोळा एम.एस्सी. राहत होता. नाव गुणवंत. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तेवढंच करायचा. त्याला तालुक्याच्या कॉलेजात नोकरी लागली. मशीनवर.

मशीन म्हणजे एक थोरलं चुंबक. पदार्थ द्रवात विरघळवायचा, काचेच्या बारीक नळीत भरायचा, नळी चुंबकात सोडायची. कागदावर रेघा उमटतात. त्या वाचल्या की पदार्थाचे अणू कसे जोडलेत ते कळतं. मशीन ज्यांच्या ताब्यात होतं त्या मॅडमना वाचता यायच्या. गुणवंताला नुसत्या दिसायच्या.

पहिल्याच दिवशी तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन जवळ गेला. जुडगा खाडकन मशीनला चिकटला.

"अरे, लोखंड बाहेर ठेवून यायचं!" मॅडम ओरडल्या.

"बरं, मॅडम."

दुसऱ्या दिवशी भरलेल्या नळ्या लोखंडी स्टँडमध्ये होत्या. त्यानं स्टँडसकट बाहेर उन्हात ठेवल्या. आतला द्रव उडून गेला.

"नळीला टोपण लावायचं असतं, शहाण्या!"

"बरं, मॅडम."

मग त्याला नळ्या धुवायला दिल्या. त्यानं टोपणं लावून धुतल्या. बाहेरून लख्ख, आत जुनं तसंच. पुढच्या कागदावर भलत्याच रेघा आल्या.

"ओळखीची नसलेली रेघ दिसली की समजायचं, घाण आहे! नळी आतून धुवायची! शिरलं डोक्यात?"

"शिरलं, मॅडम."

शिरलंच होतं. मॅडमना खेकसायला वेळ होता, समजवायला नव्हता.

तिथंच विशाखा शिकत होती. चार वर्षं एका रानवेलीची मुळं कुटून, उकळून, गाळून तिनं चिमूटभर पांढरी पूड काढली होती. जगात कुणी न पाहिलेला पदार्थ. त्याची घडण कळली तर पदवी. नाही तर घरचे मुलगा बघून बसलेलेच.

"गुणवंतभाऊ, सांभाळून हं. एवढीच आहे."

"काळजी नको, ताई. मी आता शिकलोय."

संध्याकाळी मॅडम आणि विशाखा आल्या. गुणवंत कागद घेऊन हसत उभा. मॅडमनी कागद उलटा केला, सुलटा केला.

"यात नुसत्या द्रवाची रेघ आहे. हिचा पदार्थ कुठाय?"

"पदार्थ कसला, मॅडम! पहिल्या कागदावर द्रवाची सोडून एक रेघ ओळखीची असेल तर शपथ. सगळी घाण! नळी आतून चारदा धुतली, नवा द्रव भरला, तेव्हा कुठं साफ आली. तो पहिला कागद फाडला, मशीनमधूनही पुसला."

विशाखा खाली बसून रडायला लागली.

गुणवंताला फार वाईट वाटलं. तो वाकून हळूच म्हणाला, "रडू नका, ताई. पुढच्या वेळी पूड घरूनच धुऊन आणा."