गेनबाची मोटार आणि टेकजाईचा मान

एका गावात एक भोळा मोटारवाला होता. नाव गेनबा. भोळा हे आपलं म्हणायचं. गाव दुसरंच काही म्हणायचं, तेही तोंडावर, आणि गेनबाला वाटायचं आपलं कौतुक चाललंय.

आजोबांनी ठेवलेली एक जुनाट काळी मोटार त्याच्या दारात होती. जत्रेला टेकडीवरच्या टेकजाईचा मुखवटा त्याच मोटारीतून खाली गावात यायचा. तो मान गेनबाच्या घराचा. ओढ्यापलीकडच्या गावचे हिवरेकर त्या मानावर कधीचे टपून बसलेले. यंदा जत्रा तोंडावर आली आणि मोटारीची मागची चाकं घरघरायला लागली, जात्यात खडे दळावेत तशी.

गेनबाची बायको हौसा लॉरी ड्रायव्हरची लेक. तिनं नुसतं ऐकूनच ओळखलं.

“बेरिंगं झिजलीत. दोन्ही बदला. मोटार अडली तर मान हिवऱ्याला जाईल, आणि मला माहेरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जुनं बेरिंग दुकानात दाखवा आणि अगदी तसलंच आणा.”

गेनबा तालुक्याला गेला. दुकानदारानं चकचकीत बेरिंगं पुढ्यात ठेवली. गेनबानं ती कानाशी धरून फिरवली.

“ही गप्प आहेत. आमचं घरघरतं.”

दुकानदारानं कपाळाला हात लावला. गेनबानं मग भंगारवाल्याचा ढीग उपसला आणि तेवढीच घरघरणारी जोडी शोधून आणली.

“अहो, डोकं तालुक्यात विसरून आलात का?” हौसा म्हणाली. “कोरं आणायचं! ज्याचं वेष्टन कुणी फोडलं नाही असं!”

“असं होय! आता कळलं.”

गेनबा पुन्हा गेला. मेणकागदात गुंडाळलेली कोरी जोडी आणली, कागदासकट आसावर धरली आणि हातोडा घेतला. ठणाठण ऐकून सगळी आळी कुंपणाशी जमली. हौसा पिठाच्या हातांनी धावत आली.

“कागद कोण काढणार?”

“तूच म्हणालीस, फोडलेला नको.”

“आणि ठोकता काय? बसत नसेल ते ठोकू नये. गरम तेलात सोडावं, मग अलगद बसतं.”

“असं होय! आता कळलं.”

हौसानं कढईत तेल ठेवलं. तेवढ्यात कासार आला. जत्रेसाठी तिनं हौसेनं लाखेच्या बांगड्या सांगितल्या होत्या. त्या केसभर आवळ निघाल्या. बांगड्या ओट्यावर ठेवून ती कासाराला चहा द्यायला गेली. परत येऊन बघते तर बांगड्या नाहीत, आणि कढईत लालभडक गोळा तरंगतोय.

“बसत नव्हत्या ना तुला?” गेनबा म्हणाला. “सोडल्या तेलात.”

हौसानं झाऱ्यानं गोळा उपसून काढला. “अहो, हाताला जरा साबण चोळला असता तरी काम झालं असतं! अडेल तिथं काहीतरी ओशट लावायचं, की सुटतं!”

“असं होय! आता कळलं.”

नवं तेल तापवून, समोर उभं राहून हौसानं दोन्ही बेरिंगं बसवून घेतली. चाकं चढवायचं तेवढं त्याच्यावर सोडून ती नैवेद्याला लागली. गेनबानं चाक चढवून फिरवलं. ते थोडं फिरलं आणि अडलं. पुन्हा उतरवून बघितलं, तर आत ब्रेकच्या पट्ट्या घासत होत्या.

“इथं अडतंय होय!”

त्यानं ग्रीसचा डबा उघडला आणि पट्ट्यांना बोटांनी चापून ग्रीस लावलं. दुसऱ्या चाकालाही लावलं, उगाच त्याला वाईट वाटायला नको. जुन्या मोटारीला ब्रेक होता तो मागच्या चाकांनाच. आता चाकं फिरवली की फिरतच राहायची. हौसानं कान लावला. घरघर नाही.

“शाबास,” ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

जत्रेच्या दिवशी मोटार टेकडी चढून गेली. मुखवटा मागच्या गादीवर विराजमान झाला. खाली वेशीत आरतीचं ताट घेऊन हौसा सगळ्यांच्या पुढे. मोटार उतारावरून आली, लोण्यासारखी, आवाज म्हणून नाही. हौसाचा ऊर भरून आला. मोटार वेशीत आली. मग वेशीतून गेली. हलगीवाले गटारात उडाले, आरती विझली.

“ब्रेक दाबा!” हौसा किंचाळली.

“दाबलाय!” गेनबा आनंदानं ओरडला. “आता कुठंच अडत नाही!”

मोटार गावातून, ओढ्यावरच्या पुलावरून गेली आणि हिवऱ्याच्या चावडीपुढच्या कडब्यात जाऊन रुतली. हिवरेकर आधी पळाले, मग हात जोडून परत आले. देवी आपल्या मनानं चालून आली म्हणाले, आणि फटाफट नारळ फोडले. मुखवटा त्यांच्या देवळात बसला. देवीच्या मर्जीपुढे आता कोण बोलणार?

संध्याकाळी गेनबा चालत घरी आला. डोक्याला फेटा, हातात नारळ. हौसा उंबऱ्यावर रडत बसलेली.

“आपला मान गेला हो!”

“गेला कसा? हा काय!” त्यानं फेटा चाचपला. “आजोबांनाही कुणी फेटा बांधला नव्हता. हिवरेकर विचारत होते, दरसाल देवीला अशीच आमच्याकडे आणाल का? मी कच्च्या गुरूचा चेला नाही, हौसा. रोखठोक सांगितलं: आणीन, पण ग्रीस तुमचं.”