रेवणशेठांची सगळी माहिती

बाजारपेठेत दरारा असलेले साड्यांचे व्यापारी रेवणशेठ यांनी नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज ठोकला: ‘स्थापनेपासूनची सगळी माहिती द्या.’ माहिती अधिकारी वैजयंताबाई तो अर्ज घेऊन थेट त्यांच्या दुकानात गादीवर जाऊन बसल्या.

“शेठ, सगळ्या साड्या दाखवा.”

जुनं गिऱ्हाईक म्हणून शेठ हौसेनं घड्या मोडत गेले. ढीग झाला, तरी बाईंचं आपलं एकच, “अजून दाखवा!”

शेवटी शेठ वैतागले. “बाई, सगळंच मागणाऱ्याला काहीच घ्यायचं नसतं! नक्की काय हवंय?”

बाईंनी अर्ज पुढे केला. “मीही हेच विचारायला आलेय.”

शेठ खो खो हसले. “दुकानापुढचं गटार कधी झाकणार, एवढंच हो!”

“मग नव्या अर्जात तेवढंच लिहा, हा अर्ज नामंजूर. आणि ती अंजिरी साडी तेवढी बांधा.”