मागच्या रांगेचा अर्धा श्लोक

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्माला आला. आईबापांनी त्याचे नाव भद्रक ठेवले.

त्या नगरातली पाठशाळा आचार्य पिंगल चालवीत. तिथे बसण्याची रीत जुनी होती. आचार्यांच्या आसनासमोर श्रेष्ठींची आणि अमात्यांची मुले बसत, त्यांच्यामागे कारागिरांची. बुरूड, कोळी, कुंभार यांची मुले पडवीच्या कुडाबाहेर वळचणीखाली बसत. त्यांना कुणी हाकलत नसे आणि आतही बोलावत नसे. पिंगल मनाने कठोर नव्हते. ही रीत आपण घालून दिलेली नाही, एवढे समाधान त्यांना पुरत असे.

पिंगलांचा आवाज फार गोड होता. श्लोकाची सुरुवात ते खणखणीत करीत. अर्ध्यावर श्वास घेत आणि उरलेला भाग समोरच्या मुलांकडे झुकून, कानात गुज सांगावे तसा हलक्या सुरात म्हणत. त्यांच्या गुरूंचीही हीच ढब होती. ज्यांना ऐकू येई त्यांना ती फार भावत असे.

भद्रक वळचणीखाली बसून शिकला. हातात बांबूच्या कामट्या आणि ओठांवर श्लोक, असा एक मुलगा कुडाच्या फटीतून पिंगलांना अधूनमधून दिसे. त्याचे नाव मात्र त्यांनी कधी विचारले नाही. तो मोठा झाला आणि वाटेत टोपल्या विकत तक्षशिलेला निघून गेला. ही बातमीही त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही.

तक्षशिलेत गुरूंनी त्याला येत असलेले श्लोक म्हणायला सांगितले. त्याने एक म्हटला आणि मध्येच थांबला. दुसराही तसाच, तिसराही तसाच. भद्रकाला वाटले होते, श्लोक एवढेच असतात. सोबतचे विद्यार्थी पोट धरून हसले आणि त्यांनी त्याचे नाव ‘अर्ध्या’ ठेवले. पुढे कित्येक वर्षे त्याने बाकीच्या विद्येबरोबर आपल्या श्लोकांचे उरलेले अर्धे भाग गोळा केले. आपल्या वाट्याला अर्धेच का आले, हेही त्याला उमगले. ते त्याने कुणाला सांगितले नाही.

विद्या पूर्ण करून तो पोतनला परतला, तेव्हा राजाने त्याला राजपुत्रांचा गुरू व्हायला बोलावले. बोधिसत्त्वाने नदीच्या घाटावर मुले शिकवण्याची परवानगी मागितली.

राजाला गंमत वाटली. “राजपुत्र सोडून कोळ्यांची पोरं?”

“राजपुत्रांना शिकवायला कुणीही धावत येईल, महाराज,” बोधिसत्त्व म्हणाला.

घाटावर सुरू झालेली त्याची शाळा वाड्यावस्त्यांवर पसरली. तिथली मुले हिशेब करू लागली, औषधी ओळखू लागली, न्यायसभेत आपले म्हणणे नीट मांडू लागली. काही वर्षांनी राजाने नगरातल्या आणि भोवतालच्या सगळ्या पाठशाळा त्याच्या हाती सोपवल्या. तुला यातून काय साधायचे आहे, असे राजाने विचारले, तेव्हा त्याचे उत्तर लहान होते. या राज्यातल्या एकाही मुलाला अर्धी विद्या घेऊन घरी जावे लागू नये, एवढेच त्याला हवे होते.

शाळाध्यक्ष म्हणून तो पहिल्यांदा पिंगलांच्या पाठशाळेत आला आणि ‘मी इथेच वळचणीखाली शिकलो’ म्हणत त्यांच्या पाया पडला. वळचणीखालचा मुलगा हाच, हे तेव्हा पिंगलांना कळले. आता जुने उट्टे निघणार, असे धरून ते मनातल्या मनात उत्तरे जुळवू लागले. पण बोधिसत्त्वाने जुने काही काढले नाही. पडवीचा कूड काढावा, सगळ्यांनी आत बसावे आणि रांगा रोज बदलाव्यात, एवढीच त्याची आज्ञा होती. आज पुढे बसलेली रांग उद्या मागे जाईल.

पिंगलांना ते बोचले. तरी त्यांनी आज्ञा मोडली नाही. दुसऱ्या दिवशी श्रेष्ठींची मुले मागच्या रांगेत गेली. पिंगल शिकवायला लागले, पण ओळखीचे चेहरे समोर नसल्याने त्यांना चुकल्यासारखे झाले. त्यांनी सेवकाला सांगून आपले आसन उचलायला लावले आणि त्या मुलांसमोर नेऊन ठेवून घेतले. तिसऱ्या दिवशीही तसेच केले. रांगा फिरत होत्या, आसन त्यांच्या मागे फिरत होते आणि कुंभारांची पोरे आत बसूनही आचार्यांची पाठच पाहत होती.

एकदा बोधिसत्त्व आला आणि हे पाहून म्हणाला, “आचार्य, आसनही रोज फिरतं वाटतं?”

“रांगांनी फिरायचं, तर आसनानं एका जागी बसून का कंटाळावं?” पिंगल म्हणाले.

मुले खुदखुदली. बोधिसत्त्वही हसला. आसन कुठे ठेवावे याची आज्ञा तो देऊ शकत होता. पण आज्ञेने आसन हलले असते, मन हलले नसते, म्हणून तो थांबला.

वर्ष सरता सरता धान्यव्यापाऱ्यांचा प्रमुख श्रेष्ठी रोहण राजाकडे गेला. त्याचा मुलगा तिष्य याच पाठशाळेत शिकत होता. खालच्या पोरांना आत घेऊन वर्ष झाले, त्यांना काही येत नाही, उगाच आमच्या मुलांना दाटी होते, असे त्याने सांगितले. राजाने वसंतातल्या परीक्षेला स्वतः यायचे ठरवले. त्या मुलांना खरेच काही आले नाही, तर कूड पुन्हा उभा राहील आणि ती आपापल्या बापांच्या कामाला परत जातील, असा त्याने निर्णय दिला.

परीक्षेच्या दिवशी श्रेष्ठीच्या आग्रहावरून मुलांना जुन्या रीतीप्रमाणे बसवले होते. बोधिसत्त्वाने एवढेच मागितले की सुरुवात मागच्या रांगेपासून व्हावी.

राजाने कुंभाराच्या मुलीला उभे केले. तिने स्पष्ट आवाजात श्लोक सुरू केला आणि अर्ध्यावर थांबली. कोळ्याच्या मुलाने दुसरा श्लोक घेतला. तोही अर्ध्यावर थांबला. तिसरे मूल, चौथे मूल, सगळी तशीच. सभेत हसू पसरले.

“महाराज, मडकी अर्धीच भाजलीत,” श्रेष्ठी म्हणाला. “ती कितीही दिवस आत ठेवा, पाणी धरणार नाहीत.”

लोक आणखी हसले. पिंगलही हसणार होते. पण त्यांच्या कानाला काहीतरी खटकले होते. विसरलेले मूल कुठेही अडखळते. ही मुले अडखळत नव्हती. ती थांबत होती आणि सगळी एकाच जागी थांबत होती. ती जागा पिंगलांच्या ओळखीची होती. तिथे ते स्वतः श्वास घेत असत.

राजाने बोधिसत्त्वाकडे पाहिले. “काय सांगायचं आहे तुला?”

“यात मुलांचा दोष नाही, महाराज. शाळा माझ्या हाती आहेत, तेव्हा उणीव माझी. माझं पद काढून घ्या, पण मुलांना आणखी एक वर्ष द्या.”

पिंगल त्याच्याकडे पाहत राहिले. याला कारण ठाऊक आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. हाही त्याच वळचणीखाली बसला होता, तेव्हा याच्याही वाट्याला तेवढेच आले असणार. एक वाक्य बोलून तो स्वतःला सोडवू शकत होता आणि ते वाक्य त्याच्या ओठांवर येत नव्हते. राजा पद काढून घेण्याची आज्ञा देण्याच्या बेतात होता. पिंगल गप्प राहिले असते, तर त्यांना कुणी काही विचारले नसते.

ते उठले. सेवकाला हाक न मारता त्यांनी आपले आसन स्वतः काखेत घेतले, सगळ्या रांगा ओलांडून मागे गेले आणि कुंभाराच्या मुलीसमोर बसले. आता त्यांची पाठ श्रेष्ठींच्या मुलांकडे होती.

“महाराज, एक नवा श्लोक शिकवतो,” ते म्हणाले. “मग पुन्हा परीक्षा घ्या.”

आणि नेहमीच्याच ढबीने, पहिला भाग खणखणीत आणि दुसरा समोर झुकून हळू, त्यांनी श्लोक म्हटला.

राजाने मागच्या रांगेला विचारले. सगळी मुले एका सुरात म्हणाली:

“अंगणात विहीर खणली, त्याची तहान भागली.
वाटेवर विहीर खणली, त्याला पिणाऱ्यांची नावंही ठाऊक नाहीत.”

मग राजाने पुढच्या रांगेतल्या तिष्याला उभे केले.

“अंगणात विहीर खणली, त्याची तहान भागली,” तिष्य म्हणाला आणि थांबला.

“पुढे म्हण,” श्रेष्ठी दटावून म्हणाला.

“पुढचं ऐकूच आलं नाही, तात. आचार्य तिकडे तोंड करून बोलत होते.”

सभेत कुणी हसले नाही. मागून कुंभाराच्या मुलीने त्याला उरलेला भाग मोठ्याने सांगितला आणि तिष्याने तो पुरा केला.

“श्रेष्ठी,” राजा म्हणाला, “हे मडकं कुणाच्या भट्टीतलं?”

कूड पुन्हा उभा राहिला नाही. बोधिसत्त्वाचे पद राहिले आणि पिंगलांचेही. सभा उठल्यावर राजाने बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन विचारले, ठाऊक असून तू बोलला का नाहीस?

“मी बोललो असतो, तर आचार्य खाली मान घालून घरी गेले असते,” बोधिसत्त्व म्हणाला. “मग या मुलांना शिकवायचं कुणी?”

पाठशाळा रिकामी झाल्यावर पिंगल वळचणीखाली येऊन उभे राहिले. कूड काढला होता तरी त्याच्या खांबांचे खळगे जमिनीत दिसत होते.

“भद्रका,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. “तुझे किती श्लोक अर्धे राहिले होते?”

“सगळेच, आचार्य.”

 पिंगलांनी त्याला समोर बसायला सांगितले आणि पाठशाळेत सर्वांत आधी शिकवला जाणारा श्लोक मोठ्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. बोधिसत्त्वाला तो कधीचा पाठ होता. तरी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तो हात जोडून ऐकत राहिला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, जेतवन विहारात सांगितली, ती एका भिक्खूमुळे. त्याच्याकडे श्रामणेरांना, म्हणजे नव्याने दीक्षा घेतलेल्या मुलांना, शिकवण्याचे काम होते. मंद मुलांना मागे बसवले तर हुशारांचा वेळ वाचेल, असे तो त्या सकाळी म्हणाला होता. शास्त्याने त्याला दोष दिला नाही. कथा पुरी करून शास्ता म्हणाला, “तेव्हाचा उदयसेन राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. श्रेष्ठी, त्याचा मुलगा आणि मागच्या रांगेतली मुलं म्हणजे इथे बसलेली ही परिषद. आचार्य पिंगल म्हणजे श्रामणेरांना शिकवणारा हा भिक्खू, आणि बुरुडाचा मुलगा भद्रक मीच होतो.”

तो भिक्खू उठला, आपले आसन घेऊन सर्वांत मागे बसलेल्या श्रामणेरांजवळ गेला आणि तिथे बसला.

दुसऱ्याची चूक दिसत असूनही त्याला ती स्वतः पाहू देण्याइतका धीर धरणे, आणि तोवरचा भार आपल्या डोक्यावर घेणे, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ही पारमिता, बुद्धत्वासाठी लागणारा हा गुण, पूर्ण केली.