दोन्ही कान दिसले पाहिजेत

एका गावात एक भोळा फोटोवाला होता. त्याचं नाव धाकू. एसटीच्या थांब्याजवळ त्याचं छोटं दुकान होतं. दुकानात एक स्टूल, एक पांढरा पडदा, एक संगणक आणि एक कंगवा. कंगवा गिऱ्हाइकांसाठी होता, म्हणून तो दोरीनं बांधलेला होता.

धाकू ओळखपत्राचे फोटो काढायचा. धंदा मामाचा होता. मामा जाताना सांगून गेला, "धाकू, दोन गोष्टी विसरू नको. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आणि मागं काही दिसता कामा नये."

धाकूनं मान हलवली. धाकू मान फार छान हलवायचा. त्यावरून लोकांना वाटायचं, याला समजलं.

मामाचा शब्द त्यानं कधी मोडला नाही. पडद्यावर माशी बसली तरी तो ती संगणकावर पुसून टाकायचा. गावच्या बाळकू सुताराला एकच कान होता. दुसरा लहानपणीच गेला होता. धाकूनं त्याला तीनदा परत पाठवलं. "दुसरा घेऊन ये," म्हणाला.

धाकूची आई भागाबाई. तरुणपणी ती लाकडं आणायला रानात गेली होती. तेव्हा ओढ्यापलीकडं तिला काळा बिबट्या दिसला. अंगभर काळा, नुसते डोळे पिवळे. मोळी टाकून ती धावत आली आणि गावाला सांगितलं. गाव हसलं. "बिबट्याला ठिपके असतात, भागाबाई. काळं असतं ते मांजर." त्या दिवसापासून तिला मांजरवाली हे नाव पडलं. शेजारची ठकूकाकी तर कुंपणापलीकडून ती दिसली की म्हणायची, "म्याव!" चाळीस वर्षं. रोज. एवढी चिकाटी शेतात लावली असती तर ठकूकाकीचं तण तरी गेलं असतं.

एक दिवस भागाबाई म्हणाली, "धाकू, साऱ्या गावाचं फोटो काढतोस. माझ्या काळ्याचा एक काढ की रं. मरायच्या आधी त्या ठकीच्या दारावर चिकटवते."

धाकूनं मान हलवली आणि तालुक्याला दिगूभाऊकडं गेला.

दिगूभाऊ नवख्या फोटोवाल्यांना जंगलाच्या सहलींना न्यायचा. अंगात हिरवं जाकीट. जाकिटाला बावीस खिसे. सगळ्या खिशांत मिळून एकही बिबट्या नव्हता, पण त्याचं बोलणं ऐकलं की वाटायचं, आत्ता काढून देईल.

"दिगूभाऊ, कुठल्या सहलीला जाऊ?"

"नवखा आहेस. जिथं जनावर हमखास दिसतं तीच सहल निवड."

धाकूनं रात्रभर विचार केला. हमखास जनावर कुठं दिसतं? बुधवारी तो बैलबाजारात गेला. चारशे बारा बैलांचे फोटो काढले. प्रत्येकाचे दोन्ही कान दिसत होते. मागं उभे असलेले मालक त्यानं पुसून टाकले. बैलांच्या दोऱ्या हवेत लोंबत राहिल्या.

दिगूभाऊनं फोटो बघितले.

"अरे, जंगलात जायचं असतं! आणि जंगलात एक नियम. काहीही झालं तरी तोंडातून शब्द काढायचा नाही."

धाकूनं मान हलवली.

घरी भागाबाई उंबऱ्यात बसली होती.

"दिसला का रं माझा काळा?"

"नाही आये. पण शिकलो. आता चुकायचा नाही."

"म्याव!" कुंपण म्हणालं.

पुढच्या खेपेला धाकू दिगूभाऊबरोबर जीपमधून जंगलात गेला. जीपमध्ये सहा जण होते. एकेकाच्या कॅमेऱ्याचं नळकांडं दुधाच्या कॅनएवढं. ते सगळे अस्वलासाठी आले होते. अस्वल सोडून त्यांना काही नको होतं. हरणं आली, ती त्यांनी डासांसारखी बघितली.

सगळे पुढं बघत होते. धाकू मागं तोंड करून बसला होता, कारण पुढं जागा नव्हती. तेवढ्यात जीपच्या मागून अस्वलीण निघाली. पाठीवर दोन पिल्लं. तिनं निवांत रस्ता ओलांडला. मध्येच थांबून तिनं अंग खाजवलं. धाकू बघत राहिला. तोंडातून शब्द काढला नाही.

फाटकाशी आल्यावर तो म्हणाला, "आता बोललं तर चालेल?"

"बोल."

"मागून अस्वल गेलं. पिल्लंपण होती."

सहाही नळकांडी त्याच्याकडं वळली.

"फोटो काढलास?" दिगूभाऊनं विचारलं.

"कसा काढणार? आडवी चालली होती. एकच कान दिसत होता."

"अरे देवा! जनावर दिसलं की ओरडायचं! हात करायचा! सगळ्यांना कळलं पाहिजे, समजलं?"

धाकूनं मान हलवली.

"दिसला का रं माझा काळा?"

"नाही आये. पण शिकलो. आता चुकायचा नाही."

"म्याव!"

तिसरी सहल तळ्यावर होती. पहाटे सगळे गवताआड दबा धरून बसले. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरलेले. हजारभर तरी असतील. सूर्य वर येत होता, पाणी गुलाबी, पक्षी गुलाबी. दिगूभाऊ कुजबुजला, "आता. हळूच."

धाकूला पक्षी दिसले. तो उभा राहिला. दोन्ही हात वर केले आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "दिसले! दिसले रे दिसले! सगळ्यांनी बघा!"

सगळ्यांनी बघितले. जाताना.

तळं रिकामं झालं. एक म्हातारा बेडूक तेवढा राहिला, आणि तोही नाराज दिसत होता.

दिगूभाऊ गवतात बसून राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "धाकू, ओरडणं विसर. न ओरडणंही विसर. एकच लक्षात ठेव. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या डोळ्याच्या उंचीला जायचं. पक्षी खाली असला तर पोटावर झोपायचं. बाकी काही करू नको."

धाकूनं मान हलवली.

"दिसला का रं माझा काळा?"

"नाही आये. पण शिकलो. आता चुकायचा नाही."

भागाबाईनं त्याच्या डोक्यातलं गवत काढलं. "दमलास व्हय? भाकरी खा," म्हणाली. कुंपण म्याव म्हणालं. या वेळी भागाबाईनं मान खाली घातली.

चौथी सहल शेकरू बघायला होती. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. उंच झाडांच्या शेंड्यावर राहते. सगळ्यांनी खाली उभं राहून माना वर केल्या. धाकूनं तसं केलं नाही. तो डोळ्याच्या उंचीला निघाला. कॅमेरा गळ्यात अडकवून सरळ झाडावर चढला. पहिली फांदी, दुसरी फांदी, पार शेंड्यापर्यंत. एवढा मोठा प्राणी आपल्या घराकडं येतोय हे बघून शेकरू घाबरलं आणि खाली उतरलं. दिगूभाऊच्या पायाशी येऊन बसलं.

"धाकू, शेकरू इथं आहे! खाली ये!"

धाकूनं खाली बघितलं. तेव्हा त्याला पहिल्यांदाच कळलं की चढणं आणि उतरणं ही दोन वेगळी कामं आहेत.

चार तास गेले. शिडी आली, दोर आला, वनखात्याचे दोघे जण आले. सहलीतल्या सगळ्यांनी भरपूर फोटो काढले. सगळे धाकूचेच. एकानं तर छान प्रकाश आहे म्हणून त्याला तोंड उजवीकडं करायला सांगितलं.

"एक कान दिसणार नाही मग," धाकू वरून म्हणाला.

खाली आल्यावर दिगूभाऊनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जाकिटातले बावीसच्या बावीस खिसे दमलेले दिसत होते.

"धाकू, माझं ऐक. आता तू माझ्या कुठल्याही सहलीला येऊ नकोस. नवख्यानं सुरुवात घरापासून करावी. अंगणात बस. जे सगळ्यात ओळखीचं आहे त्याचा फोटो काढ. आणि फोटोत एकच गोष्ट ठेव. बाकीचं सगळं कचरा. कचरा साठवायचा नाही. तिथल्या तिथं काढून टाकायचा."

धाकूनं मान हलवली. एवढं सोपं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

घरी येऊन तो म्हणाला, "आये, मला सगळ्यात ओळखीची तूच. अंगणात बस."

"माझा रं कसला फोटो? काळ्याचा काढणार हुतास न्हवं?"

"आधी घरापासून."

भागाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. केस चापून बसवले. अंगणात पाटावर बसली. तिच्या मागं दगड रचून केलेला बुटका गडगा आणि गडग्यापलीकडं रान. ऊन कलतं होतं. धाकू तिच्या डोळ्याच्या उंचीला आला, म्हणजे मांडी घालून बसला.

"हलू नको आये. हनुवटी जरा वर."

तेवढ्यात कोंबड्या गप्प झाल्या. कुत्रं शेपूट घालून चुलीमागं शिरलं. गडग्यावर काहीतरी उडी मारून बसलं. अंगभर काळं. डोळे पिवळे. ते भागाबाईच्या पाठीकडं बघत बसलं, जशी काही जुनी ओळख आहे.

"धाकू, मागं काय हाय का रं? पाठीत वारं शिरल्यागत वाटतंय."

"काही नाही आये. तू इकडं बघ."

त्यानं एकोणीस फोटो काढले. विसाव्याला काळ्यानं जांभई दिली, गडग्यापलीकडं उतरला आणि निघून गेला.

धाकू दुकानात गेला. संगणकासमोर तीन दिवस बसून राहिला. कुणाचाही फोटो काढला नाही. चौथ्या दिवशी एका मोठ्या चौकटीत फोटो घालून घरी आला. कुंपणापाशी ठकूकाकी उभी होतीच.

फोटो खरंच सुंदर आला होता. भागाबाईच्या तोंडावरची एकेक सुरकुती दिसत होती. दोन्ही कान दिसत होते. आणि मागं पांढरं शुभ्र, जशी काही ती ढगात बसली आहे.

भागाबाईनं फोटोवरून हात फिरवला. "माझं लेकरू ते," म्हणाली. "पर गडगा कुठं गेला रं?"

"तो पुसला. आणि गडग्यावर एक भलंमोठं काळं मांजर येऊन बसलं होतं. सारखं तुझ्या मागं मागं दिसत होतं. तेपण पुसलं."

भागाबाईचा हात थांबला.

"केवढं?"

"आपल्या वासराएवढं. शेपूट खाली जमिनीला टेकत होतं."

"ऐकलंस का गं मांजरवाले?" ठकूकाकी कुंपणावरून ओरडली. "तुझा पोरगासुद्धा मांजरच म्हणतोय! आता कुणाला इचारायचं?"

"धाकू," भागाबाई अगदी हळू म्हणाली, "पुसायच्या आधीचे फोटो?"

"ते कचऱ्यात होते, आये. दिगूभाऊ म्हणाला, कचरा साठवायचा नाही. एक ठेवला, त्यावरच पुसलं. बाकीचे त्याच दिवशी काढून टाकले."

भागाबाईनं चौकट उंबऱ्याला टेकवून ठेवली. मग तिनं विचारलं, "त्याचं दोन्ही कान दिसत हुतं का रं?"

"दोन्ही!" धाकूचा चेहरा खुलला. "अगदी सरळ, एका रेषेत. माणसाचासुद्धा असा फोटो येत नाही, आये. म्हणून तर तीन दिवस लागले. कानांपाशी पुसणं फार नाजूक काम होतं."