घरचा संगणक आणि पेनड्राइव्ह

संगणक एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हेमलताबाई एका रक्तपेढीत काम करत. रक्तदात्यांची माहिती पेनड्राइव्हमध्ये घालून त्या घरी नेत आणि उरलेलं काम तिथे करत.

एक दिवस पेढीत नवा संगणक आला. "किती जुनाट मांडणी ही! थांब, नव्या पद्धतीने लावून देतो," म्हणत त्याने पेनड्राइव्हमधल्या सगळ्या माहितीची मांडणी बदलली. पेनड्राइव्ह खूश झाला. जुनी प्रत ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी घरच्या संगणकाने फाईल उघडली आणि तो दचकला. त्याचा प्रोग्राम फार जुना होता. "अरे पोरा, हे काय आणलंस? सगळी नासाडी झालीय. थांब, दुरुस्त करतो."

पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला आजोबा म्हणत असे. आजोबांची दुरुस्ती म्हणजे न समजलेलं सगळं पुसून टाकणं, हे त्याला ठाऊक होतं. "आजोबा, हात लावू नका! उद्या कुणाला रक्त लागलं, तर पेढीवाले कुणाला बोलावणार?"

"मला शिकवतोस? इतकी वर्षं हे मीच सांभाळलं ना?"

"सांभाळलंत. पण खरं सांगा, हे बिघडलंय, की तुम्हाला वाचता येत नाहीये?"

संगणकाने फाईल पुन्हा एकदा चाळली आणि काहीही न पुसता बंद केली. हेमलताबाई चहा घेऊन समोर आल्या, तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती : 'मला हे वाचता येत नाही.'

त्यांनी हलक्या हाताने पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला.